अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राखालची टीप

आमच्या मंडळात जवळजवळ प्रत्येकाला टोपणनाव होतं. पणरावांना ते पडलं, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'पण'नं सुरू व्हायचं. समोरच्याचं बोलणं चालू असतानाच हनुवटी खाजवायची, खिडकीबाहेर बघायचं, आणि मग सावकाश, 'पण...' एकदा ग्रंथपालानं सहज म्हटलं की आज उकडतंय, तर त्यावरही त्यांचं 'पण' निघालं होतं. मला सगळे नुसतं 'बाई' म्हणत, कारण सात जणांत बाई मी एकटीच. एवढ्या विद्वानांना याहून बरं काही सुचलं नाही.

मंडळाचं काम स्तोत्रांवर टिपा लिहिण्याचं. बायबलमधली दीडशे स्तोत्रं दावीद राजानं वीणा मांडीवर घेऊन एकहाती रचली, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. ती कित्येक शतकं अनेकांच्या तोंडून घडत गेली, देवळात म्हटली गेली, शत्रूनं प्रजेला देशाबाहेर नेलं त्या हद्दपारीत जपली गेली. स्तोत्रांच्या डोक्यावर दिसणारी कवींची नावंही बरीचशी मागाहून संकलकांनी लावलेली असावीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कोणतं स्तोत्र केव्हाचं असेल, कोणत्या प्रसंगी म्हणत असतील, हे शोधून साध्या माणसाला कळेल अशी टीप प्रत्येकाखाली द्यायची, एवढंच आमचं काम. दर मंगळवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, नकाशांच्या कपाटामागच्या खोलीत आम्ही जमायचो. खोलीला एक खिडकी, एक लांब टेबल आणि कोपऱ्यात चहापुरती शेगडी.

मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी सगळ्यांच्या नजरा आपोआप माझ्याकडून शेगडीकडे गेल्या. मी काही बोलायच्या आत पणराव उठले. 'पण चहा मी चांगला करतो,' म्हणाले, आणि तेव्हापासून शेवटपर्यंत मंगळवारचा चहा त्यांनीच केला. कुणाला यात भलतंसलतं काही दिसत असेल तर त्यांनी आपला चष्मा पुसून घ्यावा. पणरावांचं घर भरलेलं होतं, बायको होती, मुलं होती, पुढे नातवंडं आली. मी लग्न केलं नाही आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. जे लिहिलेलं नाही ते वाचायचं नाही, हा आमच्या विद्येचा पहिला धडा आहे.

आता मंडळाचा नियम सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. पहिल्याच वर्षी दोन सभासद एका क्रियापदावरून हमरीतुमरीवर आले आणि एकानं दुसऱ्याच्या कागदांवर पाण्याचा जग उपडा केला. तेव्हाचे अध्यक्ष शांत गृहस्थ होते. त्यांनी ठरवून दिलं की मतभेद असेल तिथे दोन्ही मतं छापायची, पण तुमचं मत लिहायचं मी आणि माझं तुम्ही. लिहून झालं की ज्याचं मत त्याला वाचून दाखवायचं. त्यानं 'हेच' म्हटलं, म्हणजे हेच मला म्हणायचंय असं कबूल केलं, तरच ती टीप पास. नाही म्हटलं तर घरी जायचं, पुन्हा लिहायचं आणि पुढच्या मंगळवारी यायचं.

हा नियम म्हणजे डोक्याला ताप होता. ज्या मताचा तुम्हाला राग येतो ते त्याच्या बाजूनं, मनापासून, नीट मांडायचं. पण त्यामुळे भांडणं मिटली. निदान जग तरी टेबलावर उभा राहू लागला.

माझं आणि पणरावांचं खरं वाजलं ते अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रावरून. हे सगळ्यात काळोखं स्तोत्र. विलापाची स्तोत्रं पुष्कळ आहेत, पण जवळपास सगळी शेवटी आशेकडे वळतात. सहाव्या स्तोत्रातला माणूस रडून रडून अंथरूण भिजवतो आणि दोन ओळींत एकदम सांगतो की माझं रडणं ऐकलं गेलंय. असं अचानक काय झालं? काही अभ्यासकांचा अंदाज असा की मधल्या जागी देवळातला याजक त्याला धीराचा शब्द देत असावा. तो शब्द लिहिलेला नाही, त्याची फक्त जागा दिसते. अठ्ठ्याऐंशीव्यात ती जागाच नाही. माणूस बोलत राहतो, ओळखीचे लांब गेले म्हणतो, आणि मूळ हिब्रूत अगदी शेवटचा शब्द अंधाराचा येतो. पुढे काही नाही.

माझं म्हणणं असं की हा 'मी' एकटा माणूस नाहीच. ही हद्दपार झालेली अख्खी प्रजा एका तोंडानं बोलतेय. असं मानणारे जुने-नवे अभ्यासक आहेत, माझ्याकडे पुरावे होते आणि आवाजही होता. पणरावांचं म्हणणं, छे, हा एकच माणूस आहे, आजारी, कोंडलेला, खराखुरा.

माझं मत त्यांनी एका आठवड्यात लिहून आणलं. त्यांनी ते वाचून दाखवलं. मला जे म्हणायचं होतं ते मी स्वतः कधी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं. मी 'हेच' म्हटलं आणि चहा प्यायले. त्यांचं मत मात्र मला कधी जमलं नाही. किती वेळा लिहून नेलं. ते डोळे मिटून ऐकायचे, मग हनुवटी, मग खिडकी, मग 'पण बाई, अजून नाही. जवळ आलात.' कुठे अडतंय ते सांगायचे नाहीत, सांगणं नियमात बसत नव्हतं. मी चिडून ते स्तोत्र बाजूला ठेवायचे, आम्ही दुसरी उरकायचो, आणि वर्षभरानं घोडं पुन्हा तिथेच पेंड खायचं.

मधल्या काळात मंडळ झिजत गेलं. शांत अध्यक्ष गेले. जग उपडा करणारे गेले आणि ज्यांचे कागद भिजले होते तेही गेले. एक जण मुलाकडे परदेशी गेला, एकाचे डोळे गेले. शेवटची काही वर्षं त्या लांब टेबलाच्या एका टोकाला मी आणि पणराव असे दोघंच बसायचो. बाकीच्या खुर्च्या आम्ही भिंतीला लावल्या नाहीत. का, ते विचारू नका.

मग थंडीच्या सुरुवातीला पणरावांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मी रुग्णालयात एकदा जाऊन आले, ते झोपलेले होते. त्यानंतर गेले नाही. मंगळवारी मात्र वाचनालयात जात राहिले. शेगडीवर स्वतःपुरता चहा करायचे, तो कडू व्हायचा, आणि पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या नकाशांकडे बघत प्यायचे. घरी तर काय, आधीही एकटीच होते. पण त्याआधी आठवड्यातून एकदा कुणीतरी मला चुकीचं ठरवत असे. ते थांबल्यावर कळलं की मी आठवडाभर त्याचीच तयारी करत जगत होते. मला फार एकटं वाटायला लागलं. साधी गोष्ट आहे, साधीच सांगते.

अशात प्रकाशनाच्या संपादिकेचा फोन आला. चुणचुणीत मुलगी, बोलायला गोड. पुस्तक शुक्रवारी छापायला जातंय, सगळ्या टिपा आल्या, फक्त अठ्ठ्याऐंशीची अर्धी बाकी आहे म्हणाली. मी परिस्थिती सांगितली. तिला वाईट वाटलं, ते खोटं नव्हतं. मग तिनं मार्ग काढला. माझं मत तर पास झालेलं आहे, तेवढंच छापू. एकच मत असलं की वाचकालाही सोपं.

म्हणजे मी जिंकले होते. इतकी वर्षं ज्याच्याशी डोकं फोडलं त्याचं मत पुस्तकात येणारच नव्हतं, आणि माझं मत, तेही त्यांच्याच सुंदर शब्दांत, तिथे एकटं राज्य करणार होतं. मी तिला शुक्रवारपर्यंत थांब म्हटलं आणि पणरावांच्या मतावर लिहायला बसले. ते पानावरून पुसले गेले असते तर मला ते सहन झालं नसतं.

मंगळवारी वाचनालयाऐवजी त्यांच्या घरी गेले. दार सूनबाईनं उघडलं. पदराला हात पुसत म्हणाली, 'या मावशी, बाबा विचारत होते.' विचारणं शक्य नव्हतं हे दोघींनाही ठाऊक होतं, पण चांगल्या घरातली माणसं असं बोलतात. मागच्या खोलीत, अंगणाकडच्या खिडकीशी, पणराव खुर्चीत बसले होते. उजवा हात उशीवर ठेवलेला. दाढी कुणीतरी नीट केलेली. मला बघून ते हसले. एवढ्या वर्षांत माझ्याकडे बघून ते असे तोंडभर कधी हसले नव्हते, आणि मला मुळीच बरं वाटलं नाही.

कसे आहात विचारलं. ते म्हणाले, 'हो. हेच.'

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. सूनबाईनं ती उचलून दिली आणि समजावलं. झटक्यानंतर एवढे दोनच शब्द परत आलेत. औषध घेता का, हो, हेच. टीव्ही बंद करू का, हो, हेच. डॉक्टर म्हणतात, समजतं थोडंफार, किती ते सांगता येत नाही. 'पण त्रास काही नाही हो मावशी. इतके गोड झालेत. आता घरात वादच नाही.' ती बिचारी चांगल्या मनानं सांगत होती. दिवसरात्र करतेय, तिला वाद नकोत यात नवल काय.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मी कागद काढले. आधी लिहिलेला खर्डा वाचला, जो मला स्वतःलाच फिका वाटत होता. त्यांनी माझ्याकडे प्रेमानं बघितलं.

'हो. हेच.'

ज्या शब्दासाठी मी अर्धं आयुष्य खर्डे फाडले तो असा, मागितल्याबरोबर, हातावर पडला. नियमानं टीप पास झाली होती. साक्षीला कुणी नव्हतं, पण साक्ष कधीच लागत नसे. आम्ही एकमेकांवर विश्वास ठेवायचो. मी कागद घडी करून पिशवीत टाकले असते तर कुणी मला विचारलं नसतं.

पण मी पडले खट्याळ. कागद मांडीवर ठेवून मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, 'पणराव, माझं मत बदललंय. हे स्तोत्र आमच्या दूधवाल्यानं परवा लिहिलं.'

'हो,' ते म्हणाले. 'हेच.'

मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं ते रडू, आणि ते मी चष्मा काढून पुसण्याच्या निमित्तानं आवरलं. मला पणरावांची आठवण येत होती आणि पणराव हातभर अंतरावर बसून माझ्याकडे बघून हसत होते. त्या स्तोत्रातला माणूस म्हणतो ना की ओळखीचे लांब नेले गेले, तेव्हा मला नेहमी रस्ता, वेशी, उंटांचे तांडे दिसायचे. हद्दपारीचा देखावा. लांब म्हणजे असंही असतं, हे कुठल्या ग्रंथात नव्हतं.

तेव्हा प्रथमच माझ्या लक्षात आलं की आमच्या दोघांच्या मतांची गंमत काय होती. ज्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नाही त्या पणरावांना त्या ओळींत एकटा माणूस ऐकू आला. आणि मी, एक वाटी धुऊन त्याच वाटीत पुन्हा जेवणारी, मला तिथे अख्खी प्रजा हवी होती. प्रजा म्हटलं की निदान सोबत असते. पुरावे माझे खोटे नव्हते, आजही नाहीत. पण पुरावे शोधायला मी कोणत्या दिशेनं निघाले ते मला कुणी विचारलं नव्हतं.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि सूनबाईला म्हटलं, आज चहा मी करते. तिनं नको नको म्हटलं, मग बाजूला झाली. पणराव करायचे तसा, पाणी आधी चांगलं खळखळू देऊन, दूध अगदी शेवटी घालून केला. त्यांना तोटीच्या कपातून पाजला. नंतर खर्डा उलटा ठेवला आणि न वाचता, मंगळवारच्या टेबलाशी बसून बोलायचे तसं बोलायला लागले.

'पणराव, तुमचं मत सांगते. हा एक माणूस आहे. लहानपणापासून आजारी, कोंडलेला. कशानं, ते आपल्याला माहीत नाही, आणि माहीत असल्याचा आव आणायचा नाही. त्याची माणसं लांब गेली. दुसऱ्या विलापांत मध्ये कुणीतरी धीर देतं, त्याची जागा दिसते. इथे कुणी आलं नाही. तरी हा रोज हाक मारतो. सकाळ झाली की हाक मारतो. तो एकटा आहे म्हणून हे स्तोत्र मोठं नाही. उत्तर येत नाही हे माहीत असून तो ज्याच्याशी बोलतोय त्याच्याशी बोलणं सोडत नाही, म्हणून मोठं आहे. आणि ज्यांनी ते संग्रहात घेतलं त्यांना शेवटी आशेच्या दोन ओळी जोडणं काही जड नव्हतं. त्यांनी जोडल्या नाहीत. कुणीतरी त्याचं शेवटपर्यंत ऐकलं, आणि तो थांबला तिथेच थांबू दिलं.'

मी थांबले. आता ते म्हणणार, म्हणून वाट बघितली.

ते काही बोलले नाहीत. हसू मावळलं होतं. डावा हात मांडीवरून हळूहळू उचलला गेला, हनुवटीपर्यंत गेला आणि तिथे राहिला. मान वळली. ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर वाळत घातलेल्या चादरी होत्या, दुसरं काही नव्हतं.

 बऱ्याच वेळानं, त्यांच्याकडून येत नाही असं बघून, मीच हळूच म्हटलं, 'पण...?'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. होही म्हटलं नाही, हेचही म्हटलं नाही. सूनबाई कप न्यायला आली, तिनं विचारलं, 'बाबा, पडायचंय का?' त्यालाही उत्तर आलं नाही. ती चपापली. म्हणाली की असं कधी होत नाही, दमले असतील. मी तिला सांगितलं की मी एक मत वाचून दाखवलं आणि त्यांना ते पटलेलं नाही. तिनं माझ्याकडे काळजीनं बघितलं, त्यांच्याकडे बघतात तसंच. म्हणाली, 'अहो मावशी, मौन म्हणजे संमतीच की.'

'यांचं नाही,' मी म्हटलं.

आता मला कळत नाही असं नाही. थकलेला माणूस खिडकीबाहेर बघतो. हात हनुवटीशी जातो, माशी बसली तरी जातो. विद्यार्थ्यांनी एवढ्याशा पुराव्यावर एवढं मोठं अनुमान काढलं असतं तर मी त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं. जे लिहिलेलं नाही ते वाचायचं नाही. पण मंगळवारमागून मंगळवार मी ती हनुवटी आणि ती खिडकी बघितली आहे, आणि सबंध जगात ती वाचता येणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. मी वाचलं ते असं: बाई, अजून नाही. जवळ आलात.

निघताना मी त्यांना म्हटलं, बरं, पुन्हा लिहिते, पुढच्या मंगळवारी येते. सूनबाईलाही विचारलं, चालेल ना? ती म्हणाली, या की, तेवढीच मला बाजारात जायला सवड.

संपादिकेला फोन केला. पणरावांचं मत पास झालेलं नाही, आणि आमच्याकडे दोन्ही मतं जातात किंवा एकही जात नाही, तेव्हा माझंही काढून टाक, असं सांगितलं. नियमात असं कुठे म्हटलेलं नव्हतं, ते मी त्या क्षणी केलं. ती कळवळून म्हणाली की मॅडम, दीडशे स्तोत्रांत फक्त याच्याखाली काही नसेल, पान अर्धं कोरं राहील, लोकांना छापायचं राहून गेलं असं वाटेल. मी म्हटलं, वाटू दे.

पुस्तक आलं. जाड, देखणं, सातही जणांची नावं असलेलं. एक प्रत घेऊन मी मंगळवारी गेले. पणरावांच्या मांडीवर ते उघडून ठेवलं, तर वाऱ्यानं पानं उलटायला लागली, म्हणून त्यांच्या डाव्या हाताखाली अठ्ठ्याऐंशीवं पान धरून ठेवलं. वर स्तोत्र होतं, शेवटचा काळोख होता, आणि खाली कोरी जागा. छान झालंय ना पुस्तक, मी विचारलं. 'हो,' ते हसून म्हणाले, 'हेच.' मग मी चहा टाकला, खुर्ची जवळ ओढली आणि नवा खर्डा वाचायला घेतला.